ओस्लो : एका नांवाची कुळकथा

नॉर्वेची राजधानी ओस्लो येथून परवां पुतण्याचें पत्र आलें. त्यांत त्यानें सहज विचारलें होतें, "काका, या गांवाच्या नांवाचा अर्थ काय हो?" प्रश्न लहान, पण त्यामुळें माझी एक जुनी चूक माझ्या पदरांत आली.

शाळेंत असतांना मी मुलांना मोठ्या डौलानें सांगत असें कीं, नॉर्वेच्या जुन्या भाषेंत 'ओस' म्हणजे नदीचें मुख, आणि तो आपल्या 'आस्य' शब्दाचा सगोत्र. म्हणून ओस्लो म्हणजे 'लो' नदीचें मुख. 'ओस' व 'आस्य' यांचें नातें खरें. चूक पुढेंच आहे. पेडर क्लाउसन फ्रीस (१५४५–१६१४) या धर्मोपदेशकाच्या लेखनापासून ही व्युत्पत्ति चालत आली. परंतु त्या नदीचें जुनें नांव 'आल्ना'! 'लो' हें नांव शहरावरूनच मागाहून तिला चिकटलें. मुलाच्या नांवावरून बापाचें बारसें करावें, तसलाच हा प्रकार.

शिवाय जुन्या लेखांत नांवाचा आरंभ 'आस' असाहि आढळतो. आजचे विद्वान् 'लो' म्हणजे कुरण असें मानतात. 'आस' म्हणजे डोंगराची धार, किंवा देव. जुन्या वस्तीच्या डोक्यावर एकेबर्गची टेकडी उभी आहे. तेव्हां टेकडीखालचें कुरण म्हणा, नाहीं तर देवांचें कुरण म्हणा. आणि मौज अशी कीं, हा 'लो' आपल्या 'लोक' शब्दाचा भाऊबंद ठरतो. 'लोक' म्हणजे मूळची मोकळी, उजेडाची जागा. मीं आप्त शोधला तो भलत्याच अक्षरांत!

या नांवानें वनवासहि भोगला. इ. स. १६२४ मध्यें हें लाकडी घरांचें शहर आगींत भस्मसात् झालें. नॉर्वे तेव्हां डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होता. चौथ्या ख्रिश्चन राजानें खाडीच्या पलीकडे, आकेर्सहूस किल्ल्याच्या आश्रयास नवें शहर वसविलें व त्यास आपलेंच नांव दिलें : क्रिस्तियानिया. जुन्या जागेवरील वस्तीनें मात्र ओस्लो हें नांव सोडलें नाहीं. तीनशें वर्षांनीं, १ जानेवारी १९२५ पासून, सबंध राजधानीनें तेंच परत घेतलें.

पुतण्याला हें सारें कळविलें आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हा मजकूर वाचीत असल्यास त्यानेंहि माझा तो धडा दुरुस्त करून घ्यावा. ध्वनि जुळला म्हणजे कुळ जुळलें असें नव्हे. आधीं जुने लेख पाहावे, मग सोयरीक सांगावी.