आरशातला उजवा हात

अब्बांना पक्षाघाताचा झटका आला त्या रात्री आम्ही भावंडं एकच दुआ मागत होतो : जीव वाचू दे. जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला. चाळीस वर्षं शिंप्याची कात्री चालवलेला हात.

घरी आल्यावर अब्बांनी दस्तरखानावर बसणंच सोडलं. डाव्या हाताने जेवायची त्यांना शरम वाटे. मजबुरीत तसं चालतं, असं मौलानांनी समजावूनही ते ऐकेनात. मग आम्हीच घास भरवू लागलो. खिदमत घडतेय याचं आम्हाला समाधान होतं.

फिजिओथेरपीच्या ताईंनी आरसा मागितला. दुकानातला छोटा आरसा आम्ही आणला. टेबलावर अब्बांच्या समोर मधोमध त्यांनी तो आडवा धरून उभा केला. लुळा हात आरशामागे, डावा पुढे. नजर आरशात ठेवून डावी मूठ उघडायची-मिटायची आणि मागच्या हातालाही तेच करायला लावायचं. आरशात डावा हात उजवा होऊन हलताना दिसतो.

"ही तर फसवणूक झाली," अब्बा म्हणाले.

"फसतात ते डोळे, चाचा. मेहनत तुमचीच."

आम्ही नंतर वाचलं. मूळच्या तामिळनाडूच्या डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती योजली, ती कापलेल्या हाताच्या जागी वेदना जाणवणाऱ्यांसाठी. १९९९ मध्ये पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर ती वापरून पाहिल्याचं प्रसिद्ध झालं. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यास तपासले गेले. हाताच्या हालचालीत सुधारणा दिसली. पण आरसा इतर व्यायामाच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नव्हे.

रोज अर्धा तास. कित्येक आठवडे काहीच हललं नाही. एकदा ताईंनी आम्हाला बाजूला घेतलं. "तुम्ही भरवता, कपडे घालता. मग त्या हाताने करायचं काय?"

आम्ही गप्प झालो. जिला आम्ही खिदमत समजत होतो, ती त्यांच्या हाताचं उरलंसुरलं काम काढून घेत होती.

चौथ्या महिन्यात अब्बा दस्तरखानावर आले. उजव्या हाताने भाकरी दाबून धरली, डाव्याने तोडली. कात्री अजून धरता येत नाही. कदाचित येणारही नाही. दुआ मागताना उजवा हात डाव्यापेक्षा जरा खालीच राहतो. आधार द्यायला आमचे हात आपोआप पुढे होतात. आम्ही ते मागे घेतो.