पाटसच्या फाट्यावर

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की यवत, चौफुला, वरवंड मागे पडतात आणि पाटस येते. बारामतीचा रस्ता इथेच फुटतो. पुणे, दौंड आणि बारामती अशा तिन्ही बाजूंच्या आम्हा शिक्षकमित्रांना भेटायला म्हणूनच पाटस सोयीचे. गळिताचा हंगाम होता. भीमा कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर रांगेने चालले होते. जोहरची नमाज झाल्यावर एका मित्राच्या घरी आम्ही बसलो. विषय एकच : मोबाइलवर शिकवताना कोणाला काय अनुभव आला?

बोलता बोलता रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव निघाले. याच दिशेने पुढे, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड आणले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकांवरचे कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपवर उघडतात.

पण कोड उघडायला घरात फोन तर हवा!

आमच्यातल्या एका बाईंनी २०२० च्या टाळेबंदीतली गोष्ट सांगितली. त्या रोज सकाळी दहाला धडा पाठवायच्या, उत्तर कोणाचेच नाही. शेवटी त्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेल्या. अम्मी म्हणाली, “बाई, फोन तर पहाटेच हिच्या अब्बांबरोबर ट्रॅक्टरवर जातो.” त्या दिवसापासून बाईंनी धडा मगरिबनंतर पाठवायला सुरुवात केली. उत्तरे येऊ लागली, पण मुलांचीच. फोन आधी दहावीतल्या भावाकडे, मग धाकट्याकडे. सातवीतल्या बहिणीची वेळ येईतो बॅटरी संपलेली किंवा तिला झोप आलेली. बाई पुन्हा गेल्या, अब्बांशी बोलल्या. ठरले : सोमवार आणि गुरुवार फोन मुलीचा. पोरीने त्यावर वर्ष निभावले, अल्हमदुलिल्लाह.

उर्दूची अडचण आणखी वेगळी. पुस्तक नस्तालीकमध्ये, पण आम्ही टाइप केलेला संदेश बहुतेक फोनवर नस्ख वळणात दिसायचा. दुसरीची मुले ओळखीच्याच शब्दावर अडायची. मग आम्ही कागदावर ठळक अक्षरात हाताने लिहून त्याचा फोटो पाठवू लागलो. मुले घडाघडा वाचू लागली.

असरच्या वेळी आम्ही उठलो. फाट्यावर बारामतीची एसटी उभीच होती. बाई खिडकीतून म्हणाल्या, “पुढच्या वेळी पालकांनाही बोलवू या.” इन्शाअल्लाह, बोलवू.

तोवर वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती. आज रात्री दस्तरखान उचलल्यावर विचारा, आपल्या घरातल्या फोनवर मुलीचा वार कोणता?