शतके : ०

गेल्या दिवाळीत शेजारचे फराळाला आले होते. त्यांचा मुलगा सातवीत, क्रिकेटवेडा. मी कपाटातून एक पत्ता काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे चुकीचं छापलंय."

पत्त्यावर सचिन तेंडुलकर. कुरळे केस, पोरसवदा चेहरा. खाली एकदिवसीय सामन्यांचे रकाने : सामने, धावा, झेल, शतके. शतकांपुढे शून्य.

"चुकीचं नाही रे," मी म्हटलं, "छापलं तेव्हा ते बरोबरच होतं." सचिननं एकदिवसीय सामन्यातलं पहिलं शतक काढलं ९ सप्टेंबर १९९४ला, कोलंबोत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तो त्याचा ७९वा सामना होता. त्याआधीच्या ७८ सामन्यांत एकही नाही. पुढे ४९ झाली, ती सगळ्यांना पाठ आहेत. त्याआधीचं शून्य मात्र आता कुणाच्या ध्यानात नाही, ते या पत्त्यानं धरून ठेवलंय.

मुलगा पुन्हा पत्त्याकडे बघू लागला. तेवढ्यात त्याच्या वडिलांनी विचारलं, "याचे आज किती येतील?"

हा प्रश्न मला हल्ली दर वेळी विचारला जातो. लहानपणी तो कुणीच विचारला नव्हता.

माझं लहानपण सांगलीतलं, मारुती चौकाजवळचं. १९८७च्या रिलायन्स कपच्या वेळी मी दुसरीत होतो. बिग फन नावाचं चिंगम मिळायचं. त्याच्यासोबत खेळाडूचं चित्र आणि काही धावा असायच्या. धावा साठवल्या की फ्लिपबुक मिळायचं, त्याची पानं अंगठ्यानं भराभर सोडली की खेळाडू हलायचा. चिंगम चावून गाल दुखायचे, पण लक्ष सगळं त्या चित्रावर. ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं हॅट्‌ट्रिक घेतली आणि गावसकरनं एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत या दोघांची चित्रं कुणी बदलायलाच तयार होईना. पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडनं आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं. तरी भाव उतरला नाही.

तेव्हा आम्ही स्वतःला संग्राहक वगैरे म्हणत नव्हतो. "तुझ्याकडे कोण डबल आहे?" एवढं विचारलं की झालं. आमच्या आधीच्या पिढीनं काड्यापेटीचे छाप असेच जमवले होते, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही काही समजावून सांगावं लागत नसे. वडील चित्र हातात घेऊन फक्त एवढंच म्हणत, "हा रॉजर बिन्नी ना? त्र्याऐंशीला सगळ्यांत जास्त विकेट यानंच काढल्या." मग तो जुना किस्सा पुन्हा एकदा रंगवून सांगत. मी ऐकून घेई, आणि बिन्नी माझ्या डब्यात आणखी थोडा मोठा होऊन जाई.

पुढे ट्रम्प कार्डं आली. कुस्तीवाल्यांचीही होती, पण आमचा जीव क्रिकेटवाल्यांवर. खेळ सोपा. पत्ते वाटायचे, आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक रकाना मोठ्यानं म्हणायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याला समोरच्याचा पत्ता. रिचर्ड्‌स हातात असला की डोळे मिटून "धावा" म्हणायचं. वासिम अक्रम असला की "बळी". गोलंदाजाचा पत्ता असताना समोरचा "शतके" म्हणाला की पत्ता गेलाच. गणितात मी बेताचा होतो, पण सरासरी म्हणजे काय हे मला कुठल्या फळ्यावर कळलं नाही, या पत्त्यांवर कळलं. शेकडो वेळा हाताळून पत्त्यांचे कोपरे मऊ पडत, तेलकट बोटांचे ठसे उमटत. भडंग खाता खाता खेळायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

सचिनचा तो पत्ता माझ्याकडेही होता आणि आतेभावाकडेही. कोलंबोतलं शतक झालं तेव्हा गणपतीचे दिवस होते. आतेभाऊ आत्याबरोबर आमच्याकडे आलेला. त्यानं खिशातून बॉलपेन काढलं, आपल्या पत्त्यावरचं शून्य खोडलं आणि शेजारी १ लिहिला. मग माझ्या पत्त्याकडे हात केला, "आण, तुझाही नीट करतो." मी दिला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. जसा आला तसा राहू दे, एवढंच वाटलं. तो मात्र प्रत्येक शतकाला आधीचा आकडा खोडून नवा लिहीत गेला. रकाना भरला तेव्हा समासात, मग पत्त्याच्या पाठीवर.

आता माझ्याकडचे पत्ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर कडक कव्हर, मग उभ्या पेटीत. पत्ता कडेनं धरायचा, हे मी पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगतो. अमेरिकेत पीएसएसारख्या संस्था १९९१पासून कार्डाला १ ते १० गुण देतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई मध्यावर आहे की नाही, सगळं तपासून कार्ड पारदर्शक डबीत बंद करून परत पाठवतात. यात गैर काही नाही. नागपूरचा, अहमदाबादचा, थेट इंग्लंडचा संग्राहक आज मोबाइलवर भेटतो, संचातला कुठला क्रमांक राहिलाय हे क्षणात कळतं. सांगलीत बसून मला हे कधी कळलं असतं? पण डबीत बंद झालेल्या कार्डाशी कुणी खेळत नाही, ही रुखरुख मला लागते.

न जमवणाऱ्यांना हे सगळं कसं सांगायचं, यावर मी बरीच वर्षं घालवली आहेत. आधी मी इतिहासापासून सुरुवात करायचो. सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर चित्र छापायची कल्पना निघाली. १८९६मध्ये इंग्लंडच्या विल्स कंपनीनं ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. पुढे दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेना, तशी ही चित्रं बंद झाली. लोक ऐकत, माना डोलवत, आणि चकलीकडे वळत.

मग मी मिकी मँटलची गोष्ट सांगू लागलो. अमेरिकेच्या टॉप्स कंपनीनं १९५२मध्ये काढलेलं बेसबॉलपटूचं कार्ड. तो माल खपला नाही, म्हणून उरलेल्या पेट्या कंपनीनं पुढे अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवल्या. त्यातून वाचलेलं एक, दहापैकी साडेनऊ गुणांचं, ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे आपले साधारण १०० कोटी रुपये. हे सांगितलं की सगळे सरसावून बसत. पण नंतर माझ्या पत्त्यांकडे कुणी खेळाडूंसाठी बघत नसे. प्रत्येक जण मनात हिशेब करी. तेव्हापासून ती गोष्ट मी सोडून दिली. शून्यवाला पत्ता आधी हातात देतो, मग बोलतो.

शेजाऱ्यांनाही मी खरं तेच सांगितलं, "याचे काही येणार नाहीत." कारण त्या पत्त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर मातकट डाग आहे. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात पाणी शिरलं. डबा खालच्या फळीवर होता. पाणी ओसरल्यावर बहुतेक पत्त्यांची एकच लादी झालेली. हा मधे कुठेतरी होता म्हणून सुटून आला. वाळवायला मी तो गच्चीवर ठेवला आणि उन्हात त्याच्याशेजारी बसून राहिलो.

आतेभावाचा पत्ताही त्याच पुरात गेला. बॉलपेननं गिचमिड केलेला, पाठीवर आकड्यांची रांग असलेला तो पत्ता आज कुणी मला दिला, तर माझी अख्खी पेटी मी त्याच्यापुढे रिकामी करीन. माझ्या पत्त्यात एक दिवस थांबलेला आहे. त्याच्या पत्त्यात एका मुलाची कितीतरी वर्षं होती, एकेका शतकाबरोबर मोजलेली.

हे मी बोलत होतो तेव्हा तो मुलगा अजून पत्त्यातच बघत होता. म्हणाला, "पण काका, शतकं शून्य म्हणजे हा पत्ता आला की तुम्ही हरायचात ना?"

"दर वेळी नाही. आपली पाळी असली तर शतकं म्हणायचंच नाही."

"मग काय म्हणायचं?"

मी पेटी उघडली, आतल्या पिशव्या एकेक करून सोडल्या आणि पत्ते पिसायला घेतले. मुलगा मांडी घालून समोर बसला. त्याच्या बोटांना शेव लागलेली होती.

"तुझा डाव," मी म्हटलं.