मॉफ्लांगची देवराई आणि न तोडलेल्या झाडांचा हिशेब

शिलाँगहून नैऋत्येस सुमारे 25 किलोमीटर गेले की चिडाच्या झाडांचे डोंगर आणि बटाट्याची शेते मागे पडतात व एका विस्तीर्ण कुरणापलीकडे काळसर हिरवी रेघ उमटते. ती मॉफ्लांगची देवराई. खासी भाषेत तिला लॉ लिंगडोह, म्हणजे लिंगडोह कुळाचे वन, म्हणतात. माजी मुख्य निवडणूक आयुक्तांमुळे हे आडनाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुळात ते पुरोहितपदाचे नाव. वन जेमतेम 78 हेक्टरांचे. कुरणावरचे ऊन एका पावलात संपते आणि शेवाळाने मढलेली खोडे, फांद्यांवर बसलेली ऑर्किडे, नेचे आणि पायाखाली पानांचा ओलसर, मऊ थर सुरू होतो. शास्त्रज्ञ त्याला उपोष्ण पर्वतीय सदाहरित वन म्हणतील. चेरापुंजीच्या शेजारचा पाऊस झेलणाऱ्या या रानाला वर्षावन म्हटले तर सामान्य प्रवाशाची चूक होत नाही.

येथला नियम एकच: आतले काहीही बाहेर न्यायचे नाही, फांदी नाही, फळ नाही, वाळलेले पानही नाही. पर्वतिथीला हिरवे पान न तोडणाऱ्या घरातून आलेल्या प्रवाशाला तो ओळखीचा वाटेल. पण आधार निराळा आहे. तेथे जीवदयेपेक्षा लाबासा या वनदेवतेचा धाक अधिक. कधी बिबट्याच्या तर कधी सर्पाच्या रूपाने ती राखण करते, अशी श्रद्धा. झाडांमध्ये उभ्या शिळा आहेत आणि तेथे पूर्वी बळीही दिले जात, हेही सांगितले पाहिजे. धाकाने का होईना, वन राहिले. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी 1970च्या दशकात केला, तेव्हा त्यांनाही असेच आढळले होते: देवाच्या नावाने सोडलेला तुकडा टिकतो, त्याच्या कुंपणाबाहेरचे रान मात्र ओसरत जाते.

मॉफ्लांगभोवतीही तेच घडत होते. खासी टेकड्यांत बहुतेक जंगल सरकारचे नाही. ते कुळांचे, गावांचे आणि हिमांचे, म्हणजे परंपरागत लहान संस्थानांचे आहे. मालकी लोकांची असली तरी गरजही लोकांचीच. सरपणासाठी झाडे तुटली, कोळसा पाडण्यासाठी तुटली, दगडाच्या खाणींनी उतार पोखरले आणि कोरड्या हिवाळ्यात लागलेल्या वणव्यांनी रोपे जाळली. याच खोऱ्यातील मॉफ्लांगच्या धरणाचे पाणी शिलाँग शहर पिते. रान गेले की झरे आटतात, हे डोंगरातल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. हंडा घेऊन तिलाच दूर जावे लागते.

म्हणून 2011च्या सुमारास दहा हिमांनी एकत्र येऊन संघ स्थापला. 62 गावे आणि सुमारे 27,000 हेक्टरांचे उमियम खोरे त्याच्या कक्षेत आले. 2013मध्ये प्लॅन विवो या संस्थेच्या मानकाखाली प्रकल्प प्रमाणित झाला. कार्बन क्रेडिट म्हणजे वातावरणात जाण्यापासून रोखलेला किंवा तेथून शोषून घेतलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. आपल्या धुराची भरपाई करू पाहणारी परदेशी कंपनी ते विकत घेते आणि त्या पैशावर रान राखले जाते. विक्रीच्या किमान 60 टक्के रकमेचा लाभ स्थानिक लोकांना मिळावा, अशी या मानकाची अट आहे. हिवाळ्यापूर्वी गवत कापून जाळरेषा आखणे, राखणदार तरुणांना मानधन देणे, कमी लाकडात शिजवणाऱ्या चुली वाटणे, महिलांचे बचत गट चालवणे, ही कामे त्यातून होतात. मोकाट चरणाऱ्या गुरांऐवजी कोंबड्या आणि डुकरे पाळण्यालाही मदत झाली. अनेक वाचकांना हे रुचणार नाही; खासी घराला मात्र तो रोजचा संसार आहे.

बचत गटांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. खासी समाजात घर आणि वडिलोपार्जित संपत्ती धाकट्या मुलीकडे जाते, पण गावाच्या दरबारात, जेथे जंगलाचे निर्णय होतात, तेथे परंपरेने पुरुषच बसत आले. सरपणाची मोळी जिच्या डोक्यावर, तिला निर्णयात आवाज नव्हता. गटाच्या खात्यातील थोड्याशा रकमेने तो थोडासा मिळू लागला.

व्यापारी मन येथे एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. या सौद्यात माल कोणता? न घडलेले नुकसान. प्रकल्प नसता तर किती झाडे तुटली असती, या अंदाजातून प्रत्यक्ष तुटलेली वजा करायची. उरेल ते क्रेडिट. अंदाज फुगवला की कागदावर क्रेडिटे वाढतात, हवेत काही बदलत नाही. 2023मध्ये युरोपातील पत्रकारांनी वर्षावनांच्या बड्या प्रकल्पांवर हाच आरोप केला आणि साऱ्या बाजाराचा विश्वास डळमळला. अशा वेळी भाव घसरला की तो केवळ दोषी प्रकल्पांचाच घसरत नाही. जाळरेषेवर उभ्या असलेल्या मुलाचे मानधन दूर देशातल्या खरेदीदाराच्या मनःस्थितीवर अवलंबून राहते, हा या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा.

लाबासाच्या राखणीला मानधन लागत नव्हते. पण तिची हद्द 78 हेक्टरांवर संपत होती. पलीकडच्या हजारो हेक्टरांसाठी दहा हिमांना एकमेकांशी बोलावे लागले, नोंदी ठेवाव्या लागल्या, वणवा कोठे लागला आणि कोणी विझवला हे लिहावे लागले.

जानेवारीत कुरण पिवळे पडते. मॉफ्लांग या नावाचा अर्थच गवताळ दगड. त्या गवताला ठिणगी पुरते. दोन टेकड्यांमधल्या उतारावर तेव्हा काही हात रुंदीचा उघड्या मातीचा पट्टा दिसतो. पहिला वळीव येईपर्यंत तो साफ ठेवावा लागतो.