मैदानाचे नाव

मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते आणि मिळालेले नाव ते जन्मभर मिरवते. जागांचे नशीब याहून निराळे. त्यांचे बारसे कधी शंभर वर्षांनी होते, कधी दोनदाही होते. अशा नावांचे मला मोठे कुतूहल वाटते. नाव का बदलले हे शोधू लागलो की त्या जागेची कहाणीच हाती लागते.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या धावण्याच्या मैदानाचे पाहा. हे मैदान १८७६ पासूनचे. शेजारच्या रस्त्यावरून त्याला ‘इफ्ली रोड’ हे नाव पडले. आणि रस्त्याला ते मिळाले होते इफ्ली नावाच्या खेड्यावरून. म्हणजे मैदानाचे नाव उसने, आणि तेही उसन्यावर उसने!

१९४६ साली रॉजर बॅनिस्टर हा सतरा वर्षांचा तरुण वैद्यकाच्या शिक्षणासाठी ऑक्सफर्डला आला. तेथील धावपट्टी जुनी, खडबडीत होती आणि तिच्या तीन फेऱ्यांचा एक मैल होई. पुढे विद्यार्थ्यांच्या अ‍ॅथलेटिक क्लबचे अध्यक्ष झाल्यावर बॅनिस्टर यांनी पुढाकार घेतला आणि चार फेऱ्यांत मैल भरेल अशी नवी धावपट्टी तेथे तयार झाली. जळलेल्या कोळशाची बारीक खडी पसरून ती केलेली होती.

त्या काळी चार मिनिटांच्या आत एक मैल धावणे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे, असे कित्येकांना वाटे. स्वीडनच्या गुंडर हेग यांनी १९४५ साली ४ मिनिटे १.४ सेकंदांचा विक्रम केला होता; नऊ वर्षे तो अढळ राहिला. ६ मे १९५४ रोजी सकाळी बॅनिस्टर यांनी लंडनच्या रुग्णालयात आपले काम केले आणि मग आगगाडीने ते ऑक्सफर्डला आले. वारा जोराचा होता. संध्याकाळी तो जरा मंदावला, तेव्हा शर्यत सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्या ख्रिस ब्रॅशर यांनी पुढे राहून वेग राखला. तिसऱ्या फेरीत ख्रिस चॅटअवे पुढे झाले. शेवटच्या टप्प्यात बॅनिस्टर एकटे झेपावले. वेळ जाहीर करणाऱ्याच्या तोंडून ‘तीन’ हा शब्द निघताच लोकांनी असा जल्लोष केला, की पुढचे आकडे कोणाला ऐकूच आले नाहीत. ती वेळ होती ३ मिनिटे ५९.४ सेकंद!

२००७ साली या मैदानाच्या धावपट्टीला रॉजर बॅनिस्टर यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा हयात होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले. येथे एक गोष्ट मला विचारात पाडते. तो विक्रम टिकला अवघे शेहेचाळीस दिवस. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी यांनी फिनलंडमध्ये तो मोडला. विक्रम गेला शेहेचाळीस दिवसांत आणि नाव आले त्रेपन्न वर्षांनी! तेव्हा हे नाव आकड्याचे नव्हे. बंद वाटणारे दार प्रथम ज्याने उघडले, त्याचे ते नाव आहे.

तरीही माझे मन थोडे रेंगाळते. ब्रॅशर आणि चॅटअवे यांच्या पावलांमागे पावले टाकली म्हणून ते दार उघडले. ज्या मजुरांनी ती खडी पसरली, त्यांचेही हात त्याला लागले होते. ती सारी एका नावात कशी मावणार? पण म्हणून ते नाव खोटे ठरत नाही. फक्त ते अपुरे असते. उरलेले आपण स्मरणात ठेवायचे असते.

मौज अशी, की आजही लोक त्या जागेला ‘इफ्ली रोड’ म्हणतात. जुने नाव तेथे जाण्याची वाट सांगते. तेथे का जावे, हे नवे नाव सांगते. मुलांनो, तुमच्या वाटेवरच्या एखाद्या मैदानाचे, पुलाचे किंवा चौकाचे नाव वाचाल, तेव्हा तेथेच थांबू नका. या नावापूर्वी येथे कोणते नाव होते, आणि या नावाच्या मागे कोण कोण उभे आहेत, असे कोणा जाणत्या माणसाला अवश्य विचारा.