पलटणीतून परत आल्यावर

आमच्या गावाचं नाव फलटण. बाहेरगावी नाव सांगितलं की एखादा तरी हटकून विचारतो, "म्हणजे पलटण का हो?" पलटण हा शब्द साहेबाबरोबर आला आणि फलटण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, हे मी वर्गात पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. पण सातारा जिल्ह्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात हेही तितकंच खरं. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाला लोक 'आपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा निघाली तीही साताऱ्यात, १९६१ साली.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं एका जुन्या इंग्रजी सिनेमाचं. सुट्टीत आलेल्या नातवाने लॅपटॉपवर लावून दिला. 'द वे अहेड', दिग्दर्शक कॅरोल रीड, साल १९४४. गोष्ट साधीच. लढाई सुरू आहे आणि सक्तीच्या भरतीत साधी माणसं पकडून आणलेली आहेत. कोणी दुकानातला साहेब, कोणी त्याच्याच हाताखालचा नोकर, कोणी बॉयलरवाला, कोणी घरभाडं वसूल करणारा, कोणी शेतमजूर. सगळे कुरकुरे! त्यांचा सार्जंट म्हणजे त्यांना साक्षात जमदग्नी वाटतो. एका सरावात तर ही मंडळी मुद्दाम 'मरतात', का, तर लवकर सुटका व्हावी म्हणून. (आमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला पोट दुखणारी मुलं आठवली.) हळूहळू हेच लोक घडतात, आफ्रिकेत जातात आणि शेवटी संगिनी लावून धुरात चालत जातात. पडद्यावर 'समाप्त' न येता 'सुरुवात' असे शब्द येतात.

सिनेमा लंडनमध्ये लागला ६ जून १९४४ ला, म्हणजे दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याच दिवशी. पुढच्याच महिन्यात, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक यशवंत घाडगे एकटा मशीनगनवर चालून गेला आणि तिथेच पडला. माणगावजवळच्या पळसगावचा हा पोरगा, वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असली पोरं घडतात कशी, हा प्रश्न मला शिक्षक म्हणून नेहमीच पडत आलाय.

त्याचं उत्तर पडद्यावर शोधायचा प्रयत्न आपल्या एका माणसाने केला. नाना पाटेकर, चित्रपट 'प्रहार', १९९१. नानाने त्यासाठी मराठा लाइट इन्फंट्रीत राहून प्रशिक्षण घेतलं होतं. त्यातलं ते बेळगावचं कमांडो ट्रेनिंग ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. मेजर चव्हाण पोरांना नुसता पिळून काढतो. बेकरीवाल्या डिसूझांचा मुलगा पीटर त्यात टिकतो. पुढे ओलीस धरलेल्या शाळकरी मुलांना सोडवताना तो पाय गमावतो आणि मुंबईला घरी परत येतो.

तेव्हा मी चाळिशीत होतो. आमच्या शिक्षकखोलीत चर्चा झाली ती मेजरच्या कडकपणाची. शिस्त हवी म्हणणारे खूष होते, छडी नको म्हणणारे नाराज. आज दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिल्यावर मला वाटतं की त्या कडकपणावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. सार्जंट काय आणि मेजर काय, दोघे एकच धडा देतात : तुझ्या शेजारी जो उभा आहे त्याची जबाबदारी तुझ्यावर. बाकी दोरखंड, चिखल, धावणं ही सगळी त्या धड्याची उजळणी.

खरा फरक छावणीच्या बाहेर आहे. इंग्रजांच्या सिनेमात छावणीजवळच्या गावातली एक बाई या शिकाऊ शिपायांना घरी बोलावते. चहा देते, न्हाणीघर उघडून देते. गरम पाण्याने अंघोळ करून पोरं माणसात येतात. प्रसंग एवढासाच, पण गाव त्यांच्या पाठीशी आहे हे कळतं. 'प्रहार'मध्ये मेजर चव्हाण पीटरच्या लग्नाला म्हणून मुंबईला येतो, तर पीटर आधीच मारला गेलेला. हप्ता द्यायला नकार दिला म्हणून गुंडांनी मारलं, गल्लीच्या देखत. आणि गल्ली गप्प! सगळ्यांनी पाहिलंय, पण पाहिलं असं म्हणायला कोणी तयार नाही.

मेजर पुढे जे करतो, कायदा हातात घेतो, ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण त्या बंद दारांचं काय, हा त्याचा प्रश्न मात्र पिच्छा सोडत नाही.

माझा एक विद्यार्थी हवालदार होऊन निवृत्त झाला. एकदा एका एस.टी. स्टँडवर त्याने म्हातारीचं गाठोडं हिसकावणाऱ्याला धरून ठेवलं. भोवती पन्नास माणसं जमली, निम्म्यांच्या हातात मोबाईल. साक्षीला नाव द्या म्हटल्यावर उरली ती म्हातारी आणि हा. मला म्हणाला, "सर, आमाला शिकवलंय, बाजूचा पडला तर त्याला उचलल्याबिगर फुडं जायचं नाय. हितं बाजूचाच सरकतोय की वो."

या वाक्यावर मी काय बोलणार?

नीरा उजव्या कालव्याच्या कडेने पहाटे पाचला फिरायला गेलं की पोरं धावताना दिसतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पैकीच्या पैकी गुण. आमच्या आळीतला एकजण लेखी परीक्षेसाठी माझ्याकडे येतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात सेवा चार वर्षांची, पुढे फार तर २५ टक्के कायम होणार, बाकीचे पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम घेऊन घरी. म्हणजे पंचविशीच्या आत परत! त्याने परवा विचारलं, "सर, चार वर्षांनी परत आलो तर?"

गणित त्याने केलेलंच होतं, रकमेचं आणि नोकरीचंही. मला मात्र दिसत होता तो स्टँडवरचा हवालदार. शेजाऱ्याला उचलायला शिकलेली ही पोरं आता चार-चार वर्षांनी गावात परत येतील, ती चालू वयाची, हातीपायी धड. रांगेत मध्ये घुसणाऱ्याला हटकतील, ग्रामसभेत हिशोब विचारतील. तेव्हा आपण त्यांच्या बाजूला उभे राहणार की सरकणार? त्या प्रशिक्षणाला बेळगावला जावं लागत नाही, पण मला वाटतं कठीण तेच आहे.

मी त्याला एवढंच सांगितलं, "तू जा. धावायचं ते तू धाव. तू परत येशील तेव्हा साक्षीला माझं नाव घाल, मी असलो तर येईन." तो हसला. माझं वय बघता हसण्यासारखंच होतं ते! पण म्हणून म्हटलं इथे लिहून ठेवावं. मी नसलो तर निदान तुमच्यापैकी कोणीतरी जावं.

असो. आता तो येईल, टक्केवारीची उदाहरणं राहिली आहेत.