हातावरचा हात

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. धर्माबाद

परवा वसंतपंचमी. नातवाचा अक्षराभ्यास बासरलाच करायचा, असं लेकाने आणि सुनेने ठरवलं आहे. आमच्या भागात ही रीत जुनी. बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६पासून निर्मल जिल्ह्यात गेलं. पण नांदेडकडच्या माणसाला ते परक्या राज्यातलं गाव कधी वाटलंच नाही. लेकराची पहिली पाटी ज्ञानसरस्वतीपुढे, एवढंच ठाऊक.

लेकरू पावणेचार वर्षांचं. त्याच्या बालवाडीतून घरी वही आली आहे, पानभर उभ्या रेघा काढायच्या. लेक काळजीत आहे. ‘‘आई, वर्गातली बाकीची मुलं नाव लिहितात गं.’’

संध्याकाळी मी त्याच्यासमोर खडू ठेवला. त्याने गोल काढला, तोंडाला तोंड जुळलं. चौकोन काढ म्हटलं, तर कोपरे वितळून पुन्हा गोलच झाला. हे वयाला धरूनच आहे. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, फुली चौथ्याच्या सुमाराला, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचाच्या पुढे. मनगटातली आठ हाडं जन्माच्या वेळी नुसती कूर्चा असतात. एकेक करून ती टणक होतात आणि शेवटच्या हाडाला नऊ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. खडू अख्ख्या मुठीत धरणाऱ्या हाताला आळशी म्हणणं म्हणजे मोहोराला आंबट म्हणण्यासारखं आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. धर्माबाद

आज माझ्या हातून चूक झाली. सकाळी पाटी पुढे केली, ‘नको’ म्हणाला. मी बोलून गेले, ‘‘दहा रेघा काढ, मग चावीची गाडी देते.’’ त्याने भराभर दहा रेघा ओढल्या आणि हात पुढे केला. गाडी अजून आणायची होती; उद्या देते म्हटलं.

संध्याकाळी ओसरीवर खडू तसाच पडलेला. एरवी हा दिवसभर फरशीवर विहिरी आणि म्हशी काढतो. ‘‘म्हैस काढतोस का रे?’’ विचारलं, तर म्हणाला, ‘‘काय देशील?’’

तीस वर्षं अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग दर वर्षी फळ्यावर मांडला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. आठ-पंधरा दिवसांनी पाहिलं, तर तीच मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांजवळ रमत होती. ज्यांना काही न सांगता बक्षीस दिलं होतं, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे बक्षीस घातक नव्हतं, त्याची अट घातक होती. खेळाची मजुरी झाली.

डेसी आणि रायन यांनी माणसाच्या आतल्या ओढीला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं: मी स्वतःहून करतोय ही मुभा, मला जमतंय ही खात्री आणि माझी माणसं माझ्याजवळ आहेत हा आधार. छात्राध्यापकांच्या वह्यांत हे किती वेळा तपासलं असेल! आज एका वाक्यात मी पहिली गोष्ट हिरावून घेतली.

१४ फेब्रुवारी, बुधवार. बासर

पहाटेपासून रांग. पिवळे कपडे घातलेली लेकरं, तेलुगू आणि मराठी एकमेकांत मिसळलेली. देवीच्या अंगावरची हळद प्रसाद म्हणून जिभेवर ठेवली. लेकराने चव घेऊन डोळे मिटले.

मंडपात मात्र त्याने बापाच्या खांद्यात तोंड खुपसलं. शेजारची एक बाई मायेनेच म्हणाली, ‘‘हट्टी दिसतंय.’’ आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, ‘‘बापावर गेलंय.’’ लेकाने खाली पाहिलं. मला आत काहीतरी टोचलं.

पस्तीस वर्षांपूर्वी याच मंडपात लेक असाच आखडला होता. मी त्याची मूठ ओढून पाटीवर रेटली, पेन्सिल मोडली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, ‘हट्टी आहे.’ तो शब्द त्याला शाळाभर चिकटला. नंतर तोही स्वतःला तसंच म्हणू लागला.

थॉमस आणि चेस यांनी १९५६पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांपासून मोठेपणापर्यंत मुलांचा माग ठेवला. काही मुलं नव्या जागी लगेच रुळतात, काही जोरात विरोध करतात, काही हळूहळू उमलतात. हा त्यांचा उपजत पिंड. पिंडात दोष नसतो. तो आणि भोवतालच्या माणसांची वागणूक यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं. लेक हळूहळू उमलणारा होता. मी घाईत होते.

आज लेकाने मूठ ओढली नाही. तो थांबला. गुरुजींनाही हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. मग स्वतःचा हात पाटीवर ठेवून म्हणाला, ‘‘मी लिहितो, तू वर बस.’’ लेकराने मान वळवली, थोड्या वेळाने आपला हात बापाच्या हातावर ठेवला. दोघांचं मिळून अक्षर उमटलं. रीतीप्रमाणे मोठ्याचा हात वर असतो. आज तो खाली होता. गुरुजींनी अक्षता टाकल्या.

१५ फेब्रुवारी, गुरुवार. बासर

काल इथेच मुक्काम केला. सकाळी गोदावरीच्या घाटावर गेलो. व्यासांनी रोज नदीतून तीन मुठी वाळू आणून तिघी देवी घडवल्या, अशी इथली कथा आहे. रोज तीनच मुठी. घाई कुठेच नाही.

लेकरू तांब्यातलं पाणी परातीत ओतत बसलं होतं. ‘‘आज्जी, पाणी कमी झालं.’’ परत तांब्यात भरलं, ‘‘आता जास्त झालं.’’ पियाजे यांनी हेच टिपलं होतं: या वयाच्या मुलाला पाण्याची उंची दिसते, प्रमाण नाही, सातव्या वर्षाच्या आसपास ते उलगडतं. मी दुरुस्त केलं नाही. त्याच्या बुद्धीचं काम चालू होतं.

ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला अंगणवाडी सुरू केली, तेव्हा पाने, बिया, शिंपले हेच साहित्य होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात, हा त्यांचा हिशेब. कालचा लेकाचा हात त्याच जातीचा होता.

शिकवणाऱ्याच्या आधाराला वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६मध्ये परांचीची उपमा दिली. मूल अडलं की आधार वाढवायचा, जमू लागलं की काढत जायचा. गवंड्याला परांची कधी उतरवायची ते कळतं, कारण तो भिंतीकडे बघत असतो. मी लेकाच्या वेळी शेजाऱ्यांच्या भिंतींकडे बघत होते.

हे आज घाटावर लेकाला सांगितलं. हट्टी हा शब्द माझा होता, तुझा नव्हता, असंही म्हटलं. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘याला नको लावू देऊ कुणाला.’’

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. धर्माबाद

रथसप्तमी. अंगणात सूर्याची रांगोळी काढली, गोवरीवर दूध उतू घातलं.

चावीची गाडी आणली होती, ती दिली. ‘‘कशाची?’’ लेकराने विचारलं. ‘‘कशाची नाही. तुला आवडते म्हणून.’’ त्याला ते पटेना. उभ्याउभ्या पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग गाडी घेऊन पळाला आणि दिवसभर तिच्याशीच खेळला. खडूला हात लावला नाही. लावेल तेव्हा लावेल.

सून उद्या बालवाडीतल्या बाईंना भेटणार आहे. रेघांच्या वहीऐवजी कणीक, माती, मणी ओवणं दिलं तर बोटं तयार होतील, असं सांगायचं ठरलं. नव्या शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहा आहे.

पाटी देवघरात ठेवायची म्हणत होते. ती ओसरीच्या कोनाड्यात ठेवली आहे, त्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.